फोन येण्याआधी ठरवायचं उत्तर

मुलगी यंदा बारावी झाली. पदवीचं शिक्षण अमेरिकेत घ्यायचं म्हणून तिने तिथल्या काही कॉलेजांना अर्ज केले होते. मार्चअखेर निकाल आले. एका राज्य विद्यापीठाने स्कॉलरशिपसह प्रवेश दिला. जिथे जायचं तिने कित्येक वर्षं मनात धरलं होतं, त्या खासगी कॉलेजने मात्र वेटलिस्टवर ठेवलं. घरच्यांनी १ मेच्या आत विद्यापीठाचं डिपॉझिट भरलं आणि वेटलिस्टवर राहायलाही होकार कळवला.

आता जून लागला आहे. आई रात्री दोनला उठून त्या कॉलेजच्या पोर्टलवर मुलीच्या नावाने लॉगिन करते, कारण त्या वेळी तिकडचं ऑफिस उघडं असतं. विद्यापीठाचा हॉस्टेलचा फॉर्म भरलेला नाही, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेतलेली नाही. कॉल आला तर सगळं पुन्हा करावं लागेल, म्हणून थांबलेत.

आईचे प्रश्न असे: मुलगी वेटलिस्टवर कितवी आहे हे कळेल का? अर्जात आर्थिक मदत मागितली होती; ती नको, पूर्ण फी भरतो, असं आता कळवलं तर उपयोग होईल का? गावाकडची आजोबांची जमीन विकायची वडिलांची तयारी आहे. त्या कॉलेजात शिकलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना शब्द टाकायला सांगावं का? आणि एकीकडे पैसे भरून दुसरीकडे वाट बघणं ही फसवणूक तर नाही ना? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “परवा लेक म्हणाली, आता मिळालं तरी मी जाईन का, माहीत नाही. मला धक्काच बसला. इतकी वर्षं जे मागत होती त्यावर पाणी सोडायला निघाली. तिला धीर कसा देऊ?”

(ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तुमच्या लेकीचं वाटलं. त्याकडे येते. पण आधी ही वेटलिस्ट चालते कशी ते सांगते, कारण तुमचे बरेच प्रश्न एका समजुतीवर उभे आहेत आणि ती समजूत आपल्याकडे बहुतेक सगळ्यांची असते.

वेटलिस्ट म्हटलं की आपल्याला रेल्वेचं तिकीट आठवतं. बेचाळीस नंबरचा तीस होतो, तिसाचा आरएसी होतो, कुणी तिकीट रद्द केलं की मागचा पुढे सरकतो. अमेरिकन कॉलेजांच्या वेटलिस्टला बहुतेक ठिकाणी असा क्रमच नसतो. कॉलेज जागांपेक्षा जास्त मुलांना प्रवेश देतं, कारण त्यातली बरीच मुलं दुसरीकडे जाणार हे त्यांना ठाऊक असतं. नेमकी किती येतील, याचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. १ मे ही होकार कळवायची तिथली रूढ तारीख. ती उलटली की डोकी मोजली जातात. वर्ग भरला असेल तर वेटलिस्ट उघडतही नाही. कमी पडली, तर कुठे कमी पडली ते बघतात. संगणकशास्त्राला गर्दी झाली पण इतिहासाला मुलं नाहीत, एखाद्या भागातून कुणीच आलं नाही, मुलगे-मुलींचं प्रमाण बिघडलं, फीच्या उत्पन्नाचं गणित जुळत नाही, असं काहीही असू शकतं. मग ती खाच भरून काढेल असं मूल यादीतून शोधलं जातं.

म्हणून तुमची मुलगी कितवी, हे कुणी सांगू शकणार नाही. अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन केलात तरी ते हेच सांगतील, आणि ती टाळाटाळ नसेल. यातून दुसरीही एक गोष्ट निघते, ती तुम्ही लेकीपर्यंत जरूर पोचवा. फोन आला नाही, तर त्याचा अर्थ ‘तू कमी पडलीस’ असा होत नाही. मार्चमध्ये त्यांनी तिला नकार दिला नव्हता. तिचा अर्ज त्यांना चालण्यासारखा वाटला म्हणूनच यादीत ठेवला. मे-जूनमध्ये जे ठरतं ते बहुतांशी इतर मुलांच्या जाण्या-न जाण्यावर ठरतं.

आता शक्यता किती? अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश समुपदेशकांची नॅकॅक नावाची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या २०१९ च्या अहवालानुसार, वेटलिस्टवर राहायला होकार दिलेल्या मुलांपैकी सरासरी २० टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. पण ज्या कॉलेजांत एरवीच निम्म्याहून कमी अर्जदारांना प्रवेश मिळतो, तिथे हे प्रमाण ७ टक्के होतं. तुमच्या लेकीचं कॉलेज याच दुसऱ्या गटातलं आहे, असं पत्रावरून दिसतं.

सरासरीवरही फार विसंबू नका. त्या कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ शोधा. आकडेवारीचा हा ठरावीक नमुन्यातला तक्ता बरीच अमेरिकन कॉलेजं दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यात सी-२ या भागात वेटलिस्टचे तीन आकडे असतात: किती जणांना वेटलिस्टवर जागा देऊ केली, त्यातल्या किती जणांनी ती घेतली, आणि शेवटी किती जणांना प्रवेश मिळाला. मागच्या चार-पाच वर्षांचे आकडे मायलेकींनी शेजारी बसून बघा. हा आकडा वर्षावर्षाला किती हेलकावे खातो ते दिसेल. नामांकित कॉलेजांनीसुद्धा एखाद्या वर्षी वेटलिस्टवरून एकालाही घेतलेलं नाही आणि एखाद्या वर्षी शंभरावर मुलं घेतली आहेत. २०२० मध्ये कोविडमुळे कॉलेजांचे अंदाज कोलमडले होते. तसल्या वर्षाचा आकडा धरून आशा बांधू नका.

काळाचंही सांगते. हालचाल मुख्यतः मे आणि जूनमध्ये होते. मोठ्या कॉलेजने वेटलिस्टवरून काही मुलं उचलली की त्यांच्या आधीच्या कॉलेजांत जागा रिकाम्या होतात, मग ती कॉलेजं आपापली यादी उघडतात. अशा लाटा जुलैपर्यंत थोड्याफार चालतात. अमेरिकेतल्या मुलाला ऑगस्टमध्ये फोन आला तरी तो सामान गाडीत टाकून निघू शकतो. तुमच्या लेकीला ते शक्य नाही, कारण मध्ये व्हिसा आहे. तेव्हा तिच्यासाठी वाट बघण्याचा खरा काळ इतरांपेक्षा आखूड आहे, हे आताच मान्य करून टाका.

फसवणुकीचा प्रश्न तुमच्या मनाला लागलेला दिसतो, पण त्याचं उत्तर सोपं आहे. एका ठिकाणी डिपॉझिट भरून दुसरीकडच्या वेटलिस्टवर राहणं पूर्णपणे रीतसर आहे. कॉलेजं स्वतःच सांगतात की १ मेच्या आत दुसरीकडची जागा पक्की करा. एकाच वेळी दोन कॉलेजांचं डिपॉझिट भरून ठेवणं, हे मात्र गैर मानलं जातं. ते तुम्ही केलेलं नाही. उद्या खरंच तिकडे जायचं ठरलं तर विद्यापीठाला त्याच दिवशी लेखी कळवायचं. डिपॉझिट बहुधा परत मिळणार नाही, पण तिची जागा वेळेत सुटेल. त्यांच्याही यादीत कुणीतरी थांबलेलं असेल.

आता जमीन. इथे मी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात न परतणारी गोष्ट ही एकच आहे.

पूर्ण फी भरतो असं कळवल्याने फरक पडतो का? पडू शकतो, हे मी लपवणार नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत अमेरिकेतली बहुतांश कॉलेजं प्रवेश देताना पैशांची ऐपत बघतात. ती न बघणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शिवाय वेटलिस्ट उघडेपर्यंत मदतीचा निधी बऱ्याच ठिकाणी संपत आलेला असतो. म्हणजे तुमचा तर्क चुकीचा नाही. पण त्या एका ओळीत तुम्ही काय कबूल करताय ते बघा. महागड्या खासगी कॉलेजांत फी, राहणं, जेवण आणि विमा धरून वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या घरात गेला आहे. चार वर्षांचे झाले ३,६०,००० डॉलर, म्हणजे आजच्या दराने तीन कोटी रुपयांच्या वर. फी दरवर्षी वाढते, आणि रुपयाचं डॉलरशी काय होत आलंय ते तुम्हाला माहीत आहेच. आणखी एक नियम आधी वाचून घ्या: पहिल्या वर्षी मदत न मागता आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांत मदत मागता येत नाही, असं अनेक कॉलेजांत असतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॉलेजच्या आवारात. त्यातून खिशाचा खर्च निघेल, फी निघणार नाही.

जमिनीचे पैसे चारही वर्षांना पुरणार असतील, दुसऱ्या कुणाचा हिस्सा त्यात अडकलेला नसेल, आणि लेकीला हा सगळा हिशोब माहीत असूनही तिला तिकडेच जायचं असेल, तर तो तुमच्या घरचा निर्णय आहे. मी मध्ये पडणार नाही. पण पैसे दोनच वर्षांना पुरतील, पुढचं पुढे बघू, असं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ती ओळ लिहू नका. तिसऱ्या वर्षी फी भरता आली नाही म्हणून शिक्षण अर्ध्यात सोडून परत येणं, हे वेटलिस्टवरून फोन न येण्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतं. आणि आपल्यासाठी आजोबांची जमीन गेली, हे ओझं अठरा वर्षांच्या मुलीने पहिल्या परीक्षेपासून वागवायचं, हेही तुम्ही दोघांनी एकदा मनाशी बोलून बघा. तिला विचारलंत का? पत्रात ‘यांची तयारी आहे’ एवढंच आहे. तिला हे ठाऊक आहे की नाही, ते मला कळलं नाही.

ओळखीच्या गृहस्थांना सांगू नका. त्यांनी तुमच्या लेकीला शिकवलेलं नाही, तिच्याबरोबर काम केलेलं नाही. त्यांच्या शब्दाने अ‍ॅडमिशन ऑफिसला तिच्याबद्दल नवीन काहीच कळणार नाही.

ज्याने कळेल ती गोष्ट म्हणजे तिने स्वतः लिहिलेलं पत्र. अजून लिहिलं नसेल तर या आठवड्यात लिहू दे. पण आधी कॉलेजने वेटलिस्टच्या सूचनांत काय म्हटलंय ते बघा. काही ठिकाणी ‘काहीही पाठवू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते पाळायचं. चालत असेल तर एक पानाचं पत्र पुरे. अर्ज केल्यानंतर काय नवीन घडलं, हे त्यात हवं. तिचा बारावीचा निकाल मे महिन्यात लागला. अर्ज गेला तेव्हा तो कुणाकडेच नव्हता, म्हणून ही तिच्याकडची खरीखुरी नवी माहिती आहे. गुणपत्रिका शाळेमार्फत पाठवा. या काही महिन्यांत तिने काही केलं असेल, एखादं काम, एखादा प्रकल्प, तर तेही चार ओळींत येऊ दे. याच कॉलेजात तिला नेमकं काय शिकायचंय ते विषयाचं, विभागाचं नाव घेऊन लिहावं. ‘प्रवेश दिलात तर मी नक्की येईन’ हे वाक्य कॉलेजांना महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांना जागा पटकन भरायच्या असतात. पण ते खरं असेल तरच लिहायचं. पत्र गेलं की विषय संपला. दर आठवड्याला मेल करू नका. आणि ताई, पत्र तुम्ही लिहून देऊ नका.

तुमच्या लेकीचं वाक्य मला महत्त्वाचं का वाटलं, ते आता कळेल. ‘नक्की येईन’ असं तिने लिहायचं की नाही, ते त्या वाक्यावर अवलंबून आहे.

ती म्हणाली, मिळालं तरी जाईन का, माहीत नाही. तुम्हाला ते खचल्याचं लक्षण वाटलं. असेलही. पण दुसरी शक्यता मला तितकीच खरी वाटते: ती विचार करते आहे. नववी-दहावीत तिने ते कॉलेज मनात धरलं, तेव्हा हातात दुसरं काहीच नव्हतं. आज एका विद्यापीठाने तिला नाव घेऊन बोलावलंय, वर पैसेही देऊ केलेत. तिने तिथले विषय बघितले असतील, तिच्यासारख्या येणाऱ्या मुलांशी बोललीही असेल. मार्चमध्ये दुखलं ते जूनमध्ये तितकंच दुखत नाही, आणि माणसाचं मन बदलतं. कित्येक वर्षं मागितलेली गोष्ट नकोशी वाटायला लागली, तर ते बोलून दाखवणं सोपं नसतं. विशेषतः आपल्या आईने आणि बाबांनी त्या गोष्टीसाठी एवढं केलेलं असताना. तिने ते तुमच्याजवळ बोलून दाखवलं, यात मला तिचा तुमच्यावरचा विश्वास दिसतो.

म्हणून तिला धीर देण्याआधी विचारा. ‘असं काय बोलतेस’ म्हणून गप्प करू नका. ‘का वाटतंय तसं?’ एवढंच विचारा आणि ती बोलत असताना मध्ये काही सुचवू नका. कदाचित ती म्हणेल, नकाराची तयारी करतेय, म्हणजे कमी लागेल. कदाचित म्हणेल, बाबा जमीन विकणार हे मी ऐकलंय. कदाचित म्हणेल, मला आता विद्यापीठच आवडायला लागलंय. तिन्ही उत्तरांवर करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय यातलं खरं कुठलं, ते तुम्हाला किंवा मला ओळखता येणार नाही.

एक प्रश्न तुम्हालाही विचारते, रागावू नका. रात्री दोनला पोर्टल उघडताय ते तुम्ही. त्या वेळी लेक झोपलेली असते की जागी? या वाट बघण्यात तुमचा वाटा किती आणि तिचा किती, हे एकदा वेगळं करून बघा. तुम्ही तिच्यासाठी जे धरून ठेवलंय ते तिने आधीच सोडलं असेल, आणि केवळ तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती अजून यादीत असेल, असंही होतं. आईवडिलांचं स्वप्न मोडू नये म्हणून गप्प बसणारी मुलं कमी नसतात.

तिच्याशी बोलणं झालं की दोघींनी, बाबांनाही बसवून, एक गोष्ट आजच ठरवा: समजा आत्ता फोन आला, तर उत्तर काय? कॉलेजं अशा वेळी उत्तराला थोडेच दिवस देतात. कधी आधी फोन करून ‘जागा दिली तर येशील का’ असं विचारतात आणि लगेच कळवायला सांगतात. त्या घाईत, आनंदाच्या भरात, तीन कोटींचा निर्णय घ्यायचा नसतो. मदत मिळाली तर जायचं का, किती मिळाली तर, अजिबात नाही मिळाली तर काय, हे कागदावर लिहून ठेवा. उत्तर ‘नाही’ असेल तर यादीतून नाव काढून घेता येतं. बहुतेक ठिकाणी पोर्टलवरच तशी सोय असते, नसेल तर एक मेल पुरते. उत्तर ‘हो’ असेल तर थांबा, पण शेवटची तारीख तुम्ही ठरवा. त्या तारखेनंतर फोन आला तरी जायचं नाही, अशी. ती ठरवताना विद्यापीठाचं सत्र कधी सुरू होतं आणि व्हिसाला किती वेळ लागेल ते धरा. जुलैच्या मध्यापलीकडे ती ढकलू नये, असं मला वाटतं.

आणि थांबायचं ठरलं तरी विद्यापीठाची तयारी थांबवू नका. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात घातक वाटली. हॉस्टेलचा फॉर्म आज भरा. उशीर केला तर हवी ती खोली, कधी कधी खोलीच, मिळत नाही. बँकेची कागदपत्रं देऊन विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, मागवा. ती आली की ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) भरा, व्हिसाचा अर्ज भरा आणि मुलाखतीची तारीख घ्या. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणं काही आठवडे बंद ठेवलं होतं. ज्यांनी आधी तारीख घेतली होती त्यांचं निभावलं, बाकीच्यांचा जीव टांगणीला लागला. असं पुन्हा कधी होईल, हे आधी कुणी सांगत नाही.

‘सगळं पुन्हा करावं लागेल’ ही तुमची भीती अगदीच खोटी नाही. कॉलेज बदललं तर नवी आय-ट्वेंटी लागेल. भरलेली सेव्हिस फी नव्या आय-ट्वेंटीवरच्या क्रमांकावर वळवून घेता येते. व्हिसा आधीच हातात आला असेल तर बहुतेक वेळा तो पुन्हा काढावा लागतो, कारण त्यावर कॉलेजचं नाव असतं आणि पहिला प्रवेश त्याच कॉलेजसाठी व्हावा अशी अपेक्षा असते. तशी वेळ आली तर नव्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा, मगच पावलं उचला. हा त्रास आहे, खर्चही आहे. पण कॉल आला नाही आणि विद्यापीठाचा व्हिसाही वेळेत मिळाला नाही, तर तिचं अख्खं वर्ष जाईल.

एक वर्ष विद्यापीठात काढून मग त्या कॉलेजात बदली घेऊ, असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तसा रस्ता आहे, पण नामांकित कॉलेजांत तो अरुंद आहे आणि परदेशी मुलांना त्यात आर्थिक मदत मिळणं आणखी कठीण. मनात बदलीचं धरून गेलेली मुलगी पहिल्या वर्षी ना धड मैत्री करते, ना प्राध्यापकांशी ओळख. तो बेत घेऊन तिला पाठवू नका.

पोर्टलचा पासवर्ड आजपासून तिच्याकडेच राहू दे. जागा मिळाली तर कॉलेज तिला मेल करतं किंवा फोन करतं. अर्जात दिलेला नंबर चालू आहे ना आणि मेल स्पॅममध्ये जात नाही ना, एवढं तिने बघावं. नातेवाईक विचारतील तेव्हा ‘अमुक विद्यापीठात जातेय, ऑगस्टमध्ये निघणार’ असं सांगा. ते आज पूर्ण खरं आहे. वेटलिस्टची गोष्ट सांगायची की नाही, ते तिच्यावर सोडा.

बोलणं झालं की मला कळवा. आणि उत्तर काहीही निघो, आय-ट्वेंटी याच आठवड्यात मागवा आणि ती येताच मुलाखतीची तारीख घ्या.